मेळावा म्हटलं की मला गुरुजींचं कीर्तनच आठवतं

आमच्या तरुण संघाचा वार्षिक मेळावा दिवाळीच्या सुट्टीत चर्चच्या आवारातच व्हायचा. नगर जिल्ह्यातलं गाव आमचं. प्रार्थना, शास्त्रवाचन, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांना शाल, सगळं दरवर्षी तेच, सेक्रेटरी तारीख बदलून मागचाच अहवाल वाचतात असं आम्ही पोरं म्हणायचो.

वाट बघायचो ती कीर्तनाची. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन जुनं, कृष्णराव सांगळ्यांपासूनचं, पुढे ना. वा. टिळकांनी पण केलं. आमचे गुरुजी मिशन शाळेतनं रिटायर, फेटा बांधून चिपळ्या घेऊन उभे राहायचे, पेटीवर त्यांची सूनबाई. विषय ठरलेला, खोट्या शिक्षणापासून सांभाळा. कोरडा वाटतो ना? पण पूर्वरंगात ते बायबलमधले बिरुया गावचे लोक आणायचे, प्रत्यक्ष प्रेषित पौल सांगतोय तरी रोज शास्त्र उघडून खरं आहे का बघणारे, आणि उत्तररंगात थेट इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. तिथला अरियस नावाचा धर्मगुरू शिकवायला लागला की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला, आधी तो नव्हताच, आणि खलाशांच्या, दळणाऱ्यांच्या, वाटसरूंच्या तोंडी बसतील अशी त्याची गाणी पण केली. इथे गुरुजी चिपळ्या खाली ठेवायचे न म्हणायचे, "चाल गोड आहे म्हणून शब्द गिळू नका रे." स्वतः कीर्तनकार असून हे सांगायचे!

मग याच वादावरची इ.स. 325 ची निकीयाची धर्मसभा, तिथे बिशपसोबत आलेला तरुण डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, अथानासियस, पुढे तोच बिशप झाला आणि पुत्र निर्माण केलेला नाही याच विश्वासापायी पाच वेळा हद्दपार, सगळी मिळून सतरा एक वर्षं. पाचवी हद्दपारी सांगताना गुरुजींचा आवाज बसायचा आणि आम्ही उभं राहून निकीयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणायचो. एरवी रविवारी पुटपुटतो तोच, पण त्या दिवशी पुत्र निर्माण केलेला नाही या ओळीला अख्खा मांडव दणाणायचा, माझ्या तर अंगावर काटा यायचा.

शेवटची काही वर्षं मात्र खुर्च्या रिकाम्या. त्याच आठवड्यात तालुक्याला मोठी सभा असायची, पैसे पेरा न शंभरपट घ्या वाली, आमचेच लोक जीप करून जायचे. आजाऱ्यासाठी प्रार्थनेला माझी ना नाही, पण बरा झाला नाहीस म्हणजे तुझाच विश्वास कमी, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? गुरुजींनी मात्र कधी कुणाचं नाव घेतलं नाही. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो थोडा.

बाकी मांडववाले मामा, रात्रभर भाकरी थापणाऱ्या महिला मंडळाच्या मावश्या, तबल्यावरचा शेजारच्या मंडळीतला दादा, जनरेटरचं डिझेल स्वतःच्या खिशातनं भरणारे काका, शब्बाथशाळेच्या बाई, पोरांना गप्प बसवणारे पाळकसाहेब, आणि हो, सतरंज्या झटकणारी नववीची पोरं, त्यांचं नाव अहवालात कधीच यायचं नाही. कीर्तनाच्या दोन कॅसेट ज्यांनी ऐकायला म्हणून नेल्यात त्यांनी आणून द्या, कोणी नेल्यात ते मला माहितेय.