मेक्सिकोला जाताना वाटेत अमेरिका लागते

मेक्सिकोतलं क्वेरेतारो शहर सुंदर आहे. गुलाबी दगडाचा उंच जलसेतू, संध्याकाळी माणसांनी भरून जाणारे चौक, भावाच्या शेजाऱ्यांनी हट्टाने जेवायला बोलावणं, सगळं झालं. त्यावर सवडीने लिहीन. आज लिहायचंय ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या विमानतळाबद्दल, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

भाऊ तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. आई आणि मी ठाण्याहून निघालो. मार्ग मुंबई, दोहा, ह्यूस्टन, क्वेरेतारो. आम्हा दोघींकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता आणि तो चालू असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्याच जोरावर नौपाड्यातल्या आमच्या एजंटने हे तिकीट गळ्यात मारलं. स्वस्तही होतं. "ह्यूस्टनला काय, एका विमानातून उतरायचं, दुसऱ्यात बसायचं." मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने बॅगांना क्यूआरओ, म्हणजे क्वेरेतारो विमानतळाची तीन अक्षरी खूण, अशी चिठ्ठी लावली आणि "मॅडम, बॅगा आता थेट तिकडेच मिळतील" असं गोड हसून सांगितलं. आईने तो पावतीचा तुकडा पासपोर्टच्या कव्हरमध्ये अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवला. (घोडबंदर रोडवरून कापूरबावडीपर्यंत यायलाच पाऊण तास गेला होता, पण ते ठाणेकरांना काय सांगायचं.)

दोहाला खरोखरच काही नव्हतं. सामान एकदा मशीनमधून गेलं, पासपोर्टवर शिक्का नाही, प्रश्न नाहीत. आईने त्या अवाढव्य पिवळ्या अस्वलासमोर फोटो काढून घेतला आणि जाहीर केलं, "उगाच घाबरवतात लोक."

मग 16 तासांचं उड्डाण, आणि ह्यूस्टन.

जगातले बरेच विमानतळ पुढच्या परदेशी विमानाच्या प्रवाशाला आतल्या आत सोडतात. अमेरिकेत ही सोय नाही. तुम्ही मेक्सिकोला निघालेले असा नाहीतर पेरूला, जिथे पहिलं पाऊल टाकाल तिथे रीतसर अमेरिकेत प्रवेश करायचा, म्हणजे इमिग्रेशन, मग स्वतःची बॅग उचलणं, मग कस्टम्स. आपल्याला व्हिसाही हवाच. ज्याच्याकडे पर्यटक व्हिसा नाही त्याने सी-1 हा ट्रान्झिट व्हिसा काढायचा. पूर्वी काही देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय विमान बदलता यायचं, ती योजना ऑगस्ट 2003 मध्ये सुरक्षेच्या कारणाने थांबवली गेली. कारण पटण्यासारखं असेलही. पण तिकीट विकणाऱ्याने हे सांगायला नको?

इमिग्रेशनची रांग दोन-तीन विमानांची मिळून होती आणि आमच्या हातात एकूण साडेतीन तास. पाऊण तासानंतर खिडकीपाशी पोचलो.

"अमेरिकेत कशासाठी?"

"मेक्सिको," आई म्हणाली.

"ही अमेरिका आहे."

"हो, पण आम्ही मेक्सिको."

"किती राहणार?" आईने तीन बोटं दाखवली. "तीन दिवस?"

"तीन तास."

खिडकीतला अधिकारी पहिल्यांदा हसला. मग ठशांचा खेळ. जन्मभर भांडी घासलेल्या हातांच्या रेषा त्या काचेवर उमटेनात. त्याने ओला टिश्यू दिला, बोटं पुसायला लावली, दाबायला लावली, शेवटी स्वतः काउंटरवरून वाकून अंगठा धरला. माणूस वाईट नव्हता. आणि एवढं करून मुक्कामाची परवानगी दिली सहा महिन्यांची!

सामानाच्या पट्ट्यापाशी आई अडून बसली. "आपली बॅग इथे कशी येईल? चिठ्ठीवर क्यूआरओ लिहिलंय." बाजूने तेवढ्यात आमची निळी बॅग, नारळाच्या दोरीने बांधलेली, सावकाश निघून गेली. चिठ्ठी शेवटच्या गावाचीच असते, पण बॅग मध्ये उतरते. ती आपण उचलून कस्टम्समधून नेली नाही, तर ती तिथेच बसून राहते आणि आपण पुढे जातो.

तिथेच ऐरोलीच्या काकू भेटल्या. डॅलसला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, एकट्या, व्हीलचेअरवर. पाय उत्तम. व्हीलचेअर घेणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांवर लोक विनोद करतात. मला त्यात काहीही हसण्यासारखं वाटत नाही. इंग्रजी येत नसताना या चक्रव्यूहातून हात धरून नेणारं माणूस दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळतं?

काकूंच्या मांडीवरच्या पर्सपाशी एक बीगल जातीचा कुत्रा आला. अंगात जाकीट, त्यावर अमेरिकन शेतीचं रक्षण करतो अशा अर्थाची अक्षरं. हुंगला आणि शांतपणे बसला. भुंकणं नाही, काही नाही. अशी कुत्री तिथल्या विमानतळांवर 1984 पासून आहेत. ती फक्त बसतात, आणि मग अधिकारी बोलतो.

पर्समधून निघालं विमानातल्या जेवणातलं संत्रं. साखर उतरली तर असावं म्हणून रुमालात गुंडाळलेलं. मी दुभाषी झाले. फळातून फळमाशीच्या अळ्या येतात, ताजं फळ लपवून नेलं तर दंड होतो, हे सगळं मी मराठीत सांगत होते आणि काकूंचा चेहरा उतरत चालला होता. "अगं, त्यांच्याच विमानात दिलं ना?" त्यांच्या बाजूने तो बिनतोड मुद्दा होता. खरं तर वाशीजवळ राहणाऱ्या बाईला हे नवीन नसावं. आपला हापूस 2007 पासून अमेरिकेला जातो तो विकिरण करूनच, म्हणजे किडे-अळ्या निकामी करणाऱ्या किरणांखालून काढून, आणि असं एक केंद्र आता वाशीतही आहे. पण बाजार समितीतल्या पेट्या वेगळ्या आणि पर्समधलं एक संत्रं वेगळं. अधिकाऱ्याने संत्रं घेतलं, समज दिली, दंड लावला नाही. बीगलला खाऊ मिळाला. आईचं मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला आम्ही विचारताक्षणी सांगितला, तो त्याने हातही न लावता सोडला.

दारातून बाहेर पडलं की लगेच बॅगा पुन्हा सोपवायच्या, मग पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग, तेव्हा बूटही काढावे लागायचे (तो नियम जुलै 2025 मध्ये गेला). विमानात दिलेली पाण्याची बाटली तिथे टाकली. बोर्डिंग गेटवर पोचलो तेव्हा शेवटचा पुकारा चालू होता. गंमत म्हणजे अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारायला कुणीही नसतं. आत येताना दहा बोटांचे ठसे, जाताना टाटासुद्धा नाही.

परतीला मी हट्टाने मेक्सिको सिटीहून ॲमस्टरडॅममार्गे आले. तिकीट महाग पडलं, पण पासपोर्ट तपासणीची रांग नाही, बॅग थेट मुंबईत. आईला तो प्रवास अजिबात आवडला नाही. तिच्या मते ह्यूस्टनच बरं, तिथे निदान कुणीतरी बोललं, हात धरला. ॲमस्टरडॅमला साधं कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई कुठून आलात म्हणून.