पांढऱ्या चिंचोक्यांनी काय चूक केली?

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या देवराईतलं सुरंगीचं झाड पडलं. रात्रभर वारा होता. सकाळी शाळेला निघाले तर गावचे मानकरी, गावकर, वाटेतच भेटले आणि म्हणाले, "बाई, सुरंगी गेली की हो."

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना रस्त्यापासून आत आमचं गाव आहे. देवराई जेमतेम दीड-दोन एकर. किंदळ (पुस्तकात तुम्ही किंजळ वाचलं असेल), जांभळ, अंजन, हिरडा, एक-दोन भेरली माड, आणि सुरंगी मात्र एकच. फाल्गुनात तिच्या जुन्या, जाड फांद्यांनाच कळ्या लगडायच्या. त्या उमलायच्या आत काढाव्या लागतात, म्हणून आज्जी मला पहाटे अंधारात उठवायची. खाली लुगडं अंथरायचं आणि वर चढलेल्या पोराने फांदी हलवायची. घरी येईपर्यंत ओच्यातल्या कळ्या उमलायला लागलेल्या असायच्या आणि दिवसभर हाताचा वास जायचा नाही.

सुरंगी पडल्यावर गावात कारणं शोधणं सुरू झालं. कुणी म्हणालं, देवाचं काहीतरी चुकलं. कुणी म्हणालं, जमिनीतला कस गेला. मी विज्ञान शिकवते, म्हणून माझ्याकडेही विचारणा झाली. मी मूळ बघून आले. कीड नव्हती, कुऱ्हाडीचा घाव नव्हता. म्हातारं झाड, भिजून सैल झालेली माती आणि त्या बाजूने आलेला वारा. शेजारची किंदळ तेवढीच जुनी, ती उभी आहे. वारा पलीकडून आला असता तर कदाचित ती पडली असती. पण किंदळी आमच्या राईत वीस-पंचवीस आहेत, एक गेली तरी किंदळ ही जात राहिली असती. सुरंगीची मात्र एका रात्रीत जातच संपली.

हे डोक्यात घोळत असताना नववीच्या मुलांना मी एक खेळ दिला. चौकाबाऱ्याला लागतात म्हणून चिंचोके घरोघरी असतातच. निम्मे चुन्यात बुडवून पांढरे केले. पाच गट केले, प्रत्येकाला एक कापडी पिशवी आणि तीत पाच काळे, पाच पांढरे चिंचोके. नियम साधा. न बघता एक चिंचोका काढून बाजूला टाकायचा: ते झाड मेलं. मग न बघता दुसरा काढायचा, त्याचा रंग बघून तो परत ठेवायचा आणि त्याच रंगाचा आणखी एक पिशवीत टाकायचा: रिकाम्या जागी त्याचं रोप आलं. पिशवीत कायम दहाच. काळ्याला जादा गुण नाही, पांढऱ्याला कमी नाही.

पहिला गट पंधरा-वीस मिनिटांत ओरडला, "बाई, सगळे काळे झाले!" तास संपेपर्यंत पाचही पिशव्या एकरंगी झाल्या होत्या, तीन काळ्या आणि दोन पांढऱ्या. मागच्या बाकावरची एक मुलगी एरवी फारशी बोलत नाही. तिने विचारलं, "बाई, आमच्यातल्या पांढऱ्यांनी काय चूक केली?"

काहीच नाही. मी तिला एवढंच सांगितलं आणि माझाच गळा दाटून आला.

जाती टिकतात त्या गुणाने की नशिबाने, यावर झाडं मोजणाऱ्या लोकांमध्ये मोठा वाद झालेला आहे. स्टीफन हबेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००१ साली एक पुस्तक लिहून त्याला तोंड फोडलं. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा पाण्याने वेढून एका डोंगराचं बेट झालं, त्याचं नाव बारो कोलोरॅडो. त्या बेटावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि रॉबिन फॉस्टरने पन्नास हेक्टर जंगल आखून घेतलं. एक सेंटिमीटरहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजलं, त्याला नंबर दिला. साधारण दर पाच वर्षांनी ती मोजणी होते. तिथे झाडा-झुडपांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. हबेलचं म्हणणं असं की प्रत्येक जातीची खास जागा आणि खास कसब शोधत बसण्याआधी एक करून बघा: सगळी झाडं सारख्याच नशिबाची धरा. मरण्याची शक्यता सारखी, बी रुजण्याची शक्यता सारखी. नुसत्या मरण्या-रुजण्याच्या सोडतीतून कुठल्या जातीची झाडं खूप आणि कुठल्या जातीची मोजकी, हे चित्र बरंचसं खऱ्यासारखं येतं. आमच्या पिशवीतला खेळ हा त्याचाच लहान भाऊ.

सगळं नशिबावर चालतं असं मी म्हणत नाही. हा रस्ता बघितलेल्या कुणालाच तसं म्हणता येणार नाही. कणकुंबीला पाऊस कोसळतो, तिथे मलप्रभा उगम पावते. तीच नदी पुढे सौंदत्तीला जाते, तिथे ज्वारी-कापसाचं काळं, कोरडं रान. आमची जांभळ-अंजनाची राई तिथे नशिबाच्या जोरावर उभी राहणार नाही. पाऊस, माती, उतार हे आधी चाळण लावतातच. पण चाळणीतून जे खाली येतात त्यांच्यात पुढची बरीचशी निवड सोडतीने होते. झाड पडलं त्या वर्षी कुणाला फळ धरलं होतं, कुठला पक्षी कुठल्या फांदीवर बसून शिटला, यावर. आपल्याला हे मान्य करणं जड जातं. राहिला तो लायक आणि गेला तो नालायक, असं आपण माणसांबद्दलही किती पटकन बोलतो.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी बदलल्या. एका गटाला दहाऐवजी चाळीस चिंचोके दिले. घंटा झाली तरी त्यांची पिशवी दुरंगीच होती. कधी काळे चोवीस व्हायचे, कधी सतरा. बाकीच्यांच्या पिशवीत दहाच ठेवले, पण दर दहाव्या वेळी शेजारच्या गटाच्या पिशवीतून न बघता एक काढून, त्याच्या रंगाचा नवा चिंचोका आपल्या पिशवीत टाकायचा. आता गंमत झाली. एखादा रंग संपायचा आणि थोड्या वेळाने शेजारून परत यायचा.

आमची देवराई आता दहा चिंचोक्यांची पिशवी आहे. आज्जीच्या लहानपणी ती मोठ्या रानाचाच एक कोपरा होती, इथपासून भीमगडापर्यंत झाडीला झाडी लागून. आता मध्ये काजूच्या बागा, ऊस, रुंद झालेला रस्ता. शेजारच्या पिशवीतून येणं जवळपास थांबलंय. म्हणून "देवराईला आम्ही हातही लावत नाही" हे आपण अभिमानाने सांगतो, ते खरं असलं तरी पुरत नाही असं मला वाटायला लागलंय. कुऱ्हाड न लागताही राई एकेक जात हरत जाते, कारण ती लहान आहे आणि एकटी पडली आहे.

सुरंगी पडली तिथे आभाळ उघडं झालंय. मी महिन्यातून एकदा जाऊन तिथली रोपं मोजते. आत्ता जांभळीची अकरा आहेत, किंदळीची चार, एक भिरंड (म्हणजे कोकम), आणि भरपूर रानमोडीचं तण. सुरंगीचं एकही नाही.

यंदा पाहुण्यांच्या गावातल्या सुरंगीखालून मी फळं आणली. गावकरांना विचारलं, राईत चार रोपं लावू का? त्यांनी बराच वेळ पान जुळवलं. मग म्हणाले, "देवाच्या रानात आपण लावायचं नसतंय, बाई. येतंय ते आपोआप."

मी म्हटलं, "मामा, पूर्वी यायचं, कारण वाट होती. आता वाट आपणच मोडलीय. आणून ठेवायला नको का?"

ते काही बोलले नाहीत. शिमग्याला गाव जमेल तेव्हा बघू, एवढंच म्हणाले आणि उठले. बिया मी परसात पिशव्यांमध्ये लावून ठेवल्यात. सातातल्या दोन उगवल्या. पानं जाड आहेत, वरून चकाकणारी. मोठ्या पावसात वळचणीखाली आणून ठेवते.