साखळीच्या बाईला पणजीत खोली मिळत नाही

पणजीत मुक्काम करायचा तर आधार कार्ड कोल्हापूरचं चालतं, इंदूरचं चालतं, फक्त गोव्याचं चालत नाही. हे मला यंदा कळलं आणि राग अजून उतरलेला नाही. आधी सुट्टीबद्दल थोडं सांगते, मग त्या खोलीकडे वळते.

आम्ही गोव्यातल्या साखळीचे. घरी पाहुणे आले की त्यांना मंगेशी, मिरामार, दूधसागर फिरवून आणायचं आणि स्वतःला सुट्टी मिळाली की महाबळेश्वर गाठायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. यंदा ताई आणि भावजी कोल्हापूरहून चांगली लांब रजा काढून येणार होते. भावजींना कार्निव्हल बघायचा होता, ताईला शिगम्याचे, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या उत्सवाचे, चित्ररथ. सासूबाईंचं शिवरात्रीला तांबडी सुर्लच्या महादेवाला जायचं कधीपासून राहिलं होतं. आणि मला दक्षिण गोव्यात सांगे-काणकोणच्या बाजूला निवांत भटकायचं होतं, कारण तिकडे मी लग्नकार्याशिवाय कधी गेलेच नव्हते. २०२६चं कॅलेंडर उघडलं तर सगळं एका ओळीत बसत होतं. १४ फेब्रुवारीच्या शनिवारी पणजीतला कार्निव्हल, १५ला महाशिवरात्र, ३ मार्चला फाल्गुन पौर्णिमा आणि तिथून पुढे शिगमो. मधले दिवस डोंगर आणि किनाऱ्याला.

हा मेळ दरवर्षी बसत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढच्या वर्षीची तिकिटं काढून मोकळे व्हाल. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या आधी ४७ दिवस येतो आणि ईस्टर पौर्णिमेवर ठरतो. ती पौर्णिमा चैत्रातली असेल तर कार्निव्हल महाशिवरात्रीच्या आसपास पडतो आणि पंधरवड्यात होळी येते. पण ईस्टरची पौर्णिमा फाल्गुनातलीच असली की मधे सहा आठवडे जातात. २०२७ मध्ये नेमकं तसंच आहे: कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारी आणि होळी थेट २२ मार्चला. एवढी रजा कोण देणार, तेही मार्चएण्डला! २०२८ला पुन्हा जमतं. कार्निव्हल २६ ते २९ फेब्रुवारी, पौर्णिमा ११ मार्चच्या सुमारास.

आता खोली. साखळी ते पणजी तासाभराचा रस्ता, मग खोली कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. मिरवणुकीच्या दिवशी दुपारपासून रस्ते बंद होतात, गाडी कुठेतरी लांब लावून चालत यावं लागतं, आणि शेवटचा चित्ररथ जाईपर्यंत परतीच्या बसचा भरवसा नसतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. शिवाय सकाळी लवकर रायबंदरहून फेरीने चोडणला जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचं, मग तांबडी सुर्ल गाठायचं, असा बेत. म्हणून पणजीत एका रात्रीसाठी दोन खोल्या. जानेवारीतच एका बुकिंगच्या साइटवर बऱ्यापैकी हॉटेल बघून पूर्ण पैसे भरले. कन्फर्मेशनचा मेल आला. मी निर्धास्त.

काही दिवसांनी सहज फोन केला, मिरवणुकीच्या दिवशी गाडी कुठे लावायची ते विचारायला. पलीकडचा मुलगा चांगला बोलत होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, आप कहाँ से आ रहे हो?" म्हटलं, साखळीहून. जरा वेळ काही आवाजच नाही. "आयडी कहाँ का है?" म्हटलं, गोव्याचं, आणखी कुठलं असणार? "मॅडम, लोकल आयडी अलाउड नहीं है."

मला वाटलं, त्याचा काहीतरी घोळ होतोय. मी समजावून सांगितलं की बुकिंग झालंय, पैसे भरलेत, दोन जोडपी आणि एक म्हातारं माणूस आहे. तो म्हणाला, कोल्हापूरवाल्यांना एक खोली मिळेल, तुम्हाला नाही. मग स्वतःच उपाय सुचवायला लागला. दुसरं कुठलं ओळखपत्र आहे का? पॅन कार्ड आहे म्हटलं, तर त्यावर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही. पासपोर्ट आहे, तोही गोव्याचाच. माहेरच्या पत्त्याचं काही? माहेर डिचोली, म्हणजे पुन्हा गोवाच. इथे त्या बिचाऱ्याचे सगळे उपाय संपले.

मॅनेजरना फोन द्या म्हटलं. ते संध्याकाळी भेटतील. संध्याकाळी म्हटले, उद्या. शेवटी भेटले तेव्हा मी सरळ विचारलं की असा नियम कुठे लिहिलाय, मला दाखवा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारला कळवायचा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो, तो भरायला तुमची तयारी आहे. माझ्यासाठी तर नुसतं रजिस्टर, तरी नको? ते म्हणाले, सरकारी नियम नाही, "हमारी पॉलिसी है." का, तर स्थानिक लोक येऊन दंगा करतात, आणि त्यातून १४ फेब्रुवारी, व्हॅलेंटाईन डे. आता सासूबाईंना घेऊन व्हॅलेंटाईन डे साजरा करायला कोण येतं? हे मी त्यांना विचारलं. उत्तर आलं नाही.

बरं, नको तुमची खोली, पैसे परत द्या. तर पैसे साइटकडे आहेत. साइटला विचारलं, तर हॉटेलने मंजुरी दिली की परत करू. हॉटेल म्हणतं, तुम्ही बुकिंग रद्द करा, मग बघू. आणि रद्द करायला गेलं की लाल अक्षरांत "परतावा मिळणार नाही". म्हणजे येऊ देणार नाहीत ते हे, आणि बुकिंग रद्द केल्याचा भुर्दंड मला! साइटच्या चॅटवर रोज नवीन माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि प्रत्येक जण "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर" असून पुढे ढिम्म. एकाने मला हॉटेलच्या पानावरच्या अटी वाचायला सांगितल्या. वाचल्या. धूम्रपान, पाळीव प्राणी, चेक-इनची वेळ, आणि सगळ्यांच्या खाली, "आणखी दाखवा" दाबल्यावर उघडणाऱ्या भागात एक ओळ: स्थानिक ओळखपत्र स्वीकारले जात नाही. पैसे भरताना ती ओळ कुठेही समोर येत नाही, मी मुद्दाम पुन्हा तेवढ्या पायऱ्या जाऊन बघितलं.

त्या ओळीचा आणि पैसे भरायच्या पानाचा, दोन्हींचे फोटो काढून ठेवले, आणि तेच पुढे कामाला आले. रद्दचं बटण दाबायचं नाही, हेही लक्षात ठेवा. एकदा तुम्ही स्वतः रद्द केलंत की सगळं तुमच्यावर शेकतं. मी हॉटेलकडून व्हॉट्सॲपवर फक्त एवढंच लिहून घेतलं की "गोव्याचे ओळखपत्र असल्यामुळे खोली देता येणार नाही". फोनवरचं बोलणं नंतर कोणी मान्य करत नाही. तो मेसेज आणि दोन्ही फोटो साइटला पाठवले आणि खाली लिहिलं की अमुक दिवसांत पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवते. तोपर्यंत "मंजुरी" या शब्दापुढे गाडी जात नव्हती. यानंतर मात्र एका बाईंचा स्वतःहून फोन आला, चक्क नाव घेऊन बोलल्या, आणि कार्निव्हल उलटून गेल्यावर का होईना, पैसे खात्यात आले. व्याज द्या म्हणायचं राहिलंच.

पण खोली नव्हतीच. नवरा म्हणाला, सोड, टीव्हीवर बघू. मी हट्टाला पेटले होते. पणजीच्या फोंताईनश भागातल्या जुन्या घरांतून लोक खोल्या देतात, तिथे फोन लावत सुटले, आणि या वेळी पहिलं वाक्य हेच की "आमचं आधार गोव्याचं आहे, चालेल का?" काहींनी नाही म्हटलं. मग एका आंटीने फोन घेतला. तिला बहुधा कमी ऐकू येतं, कारण ओरडूनच म्हणाली, "खंयच्यान?" म्हणजे कुठून? साखळेच्यान, मीही ओरडले. "मागीर किदें? येयात." मग काय झालं, या! आधार आल्यावर दाखवा, आगाऊ पैसे नकोत, रात्री दार वाजवू नका, तिला उठवत नाही, किल्ली कुंडीत ठेवलेली असेल. खोल्या लहान, छत उंच, आणि खिडकीतून समोरच्या घराची पिवळी भिंत हाताला लागेल एवढी जवळ. सासूबाई आणि आंटी सकाळी माश्यांच्या भावावरून अशा काही बोलत बसल्या की चोडणची फेरी चुकायचीच बाकी होती. शिगम्याच्या रात्रीसाठी तिथेच सांगून ठेवलं.

चोडणला जाताना भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला होडी खारफुटीत आत शिरत नाही. पाऊलवाटेने चालत गेलात तर मात्र वेळेचं काही नाही.

तांबडी सुर्लला शिवरात्रीला गर्दी असते. कदंबकालीन देऊळ, काळ्या बेसाल्टचं, जंगलाच्या कुशीत, शेजारून नदी. शांतपणे बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. आमच्या सासूबाईंना मात्र त्या रांगेतच समाधान.

दूधसागरबद्दल खरं सांगायचं तर फेब्रुवारीच्या शेवटाला ३१० मीटरच्या त्या कड्यावरून पाणी कमीच असतं. फोटोत दिसतो तो दूध उकळल्यासारखा प्रपात पावसाळ्यातला, आणि तेव्हा कुळ्याहून जीप जात नाही. दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. रुळांवरून चालत जायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका, बंदी आहे. आम्ही गेलो कारण भावजींना जायचंच होतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहिल्या जीपला गेलो, जंगल सुंदर होतं, ओढे पार करताना ताई किंचाळली, एवढं पुरे.

त्यापेक्षा सांगेच्या पलीकडे जा. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघितली. पायऱ्यांवर बसलं की हिरवट पाण्याच्या तळातून मण्यांची माळ सुटावी तसे बुडबुडे वर येतात, एका जागी थांबतात, दुसरीकडून सुरू होतात, आणि बारीक मासे त्यांच्यामधून इकडून तिकडे पळतात. टाळी वाजवली की बुडबुडे वाढतात म्हणतात. भावजींनी दहा मिनिटं टाळ्या वाजवल्या. वाढले की नाही यावर अजून घरात दोन पक्ष आहेत.

तिथून येताना रिवणजवळ उसगाळीमळला थांबा. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सड्यावर कोरलेले बैल, हरणं, आणि एकात एक वळत जाणारं चक्रव्यूहासारखं मोठं वर्तुळ. पहिल्यांदा काही दिसतच नाही, नुसता तांबूस दगड. तिथल्या माणसाने बादलीतलं पाणी ओतलं तशा ओल्या दगडावर रेषा एकेक करून उमटल्या, बैलाचं वशिंड, शिंगं. उन्हाने पाणी सुकलं की पुन्हा पुसट. पावसाळ्यात हा भाग पाण्याखाली असतो, म्हणून हीच वेळ बरी. हे १९९३मध्ये उजेडात आलं आणि मी आत्ता बघतेय.

गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची जागा आहे, नोव्हेंबर ते मार्च. कासव दिसलं नाही, कुंपण घातलेली घरटी दिसली. रात्री टॉर्च मारत फिरू नका.

शिगम्याच्या मिरवणुका वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या दिवशी असतात. फोंडा, पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, सगळीकडे. तारखा जाहीर झाल्याशिवाय त्या रात्रीचं बुकिंग पक्कं करू नका, किंवा रद्द करता येईल असंच करा. चित्ररथ सगळे बघतात, पण त्यांच्या आधी येणारे रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारे गट, सोडू नका. ढोल-ताशे इतके जवळून जातात की छातीत धडधडतं, आणि "ओस्सय"चा गजर सुरू झाला की कोल्हापूरचे भावजीसुद्धा रस्त्याकडेला नाचायला लागतात. आमच्या बाजूची घोडेमोडणी मात्र गावातच बघावी. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, डोक्याला फुलांचा शृंगार. ती चित्ररथांच्या गर्दीत हरवते.

आणखी एक राहिलंच. खोलीसाठी फोन करताना स्थानिक ओळखपत्राचा प्रश्न कोल्हापूर-पुण्याच्या लोकांनीही विचारावा, बरोबर गोव्यातलं कोणी नातेवाईक येणार असेल तर. आणि आंटीचा नंबर मागू नका, तिच्याकडे दोनच खोल्या आहेत आणि २०२८च्या मी सांगून ठेवल्यात.