आमची वाटचाल : वस्तादाची जागा

आमची व्यायामशाळा २०११ च्या दसऱ्याला कोल्हापुरात सुरू झाली. अकराशे चौरस फुटांचा भाड्याचा हॉल, दोन बेंच, एक रॅक (रॉड टेकवण्याची उभी चौकट), एक केबल मशीन, दोन ट्रेडमिल आणि मी धरून तीन माणसे, एवढाच तो संसार होता. तयार रॅक परवडणारा नव्हता, म्हणून उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या माझ्या भागीदाराने तो स्वतः जोडला. जाड चौकोनी पाइप, दर दोन इंचांवर भोक आणि त्यांतून आरपार जाणाऱ्या भरीव लोखंडी पिना, म्हणजे रॉड हातातून सुटला तरी पिनांवर अडतो. स्वस्तातल्या रॅकना तेव्हा अशा पिना क्वचितच असत, त्यामुळे ‘ही शिडी कशाला केली?’ असे हसून विचारणारे पुष्कळ भेटले. तो रॅक आजही आमच्याकडे उभा आहे. भागीदारी मात्र तीन वर्षांत संपली, कारण त्याच्याकडचे काम वाढले. आमचे भांडण झाले नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो, कारण गावात वेगळेच बोलले गेले.

२०१३ च्या जानेवारीत एके दिवशी पहाटे साडेपाचला मी काउंटरवर पावत्या फाडत होतो. फ्लोअरवर लक्ष ठेवणारे दुसरे कोणी नव्हते, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. एक कॉलेजचा मुलगा रॉडसह ८० किलो लावून एकटाच बेंच मारत होता, म्हणजे उताणे पडून रॉड छातीवरून उचलत होता, आणि प्लेटा निसटू नयेत म्हणून लावायचे दोन्ही बाजूंचे कॉलर त्याने घट्ट आवळलेले होते. रॉड छातीवर टेकला, तो वर जाईना, आणि कॉलर असल्यामुळे प्लेटा एका बाजूला सांडून सुटकाही करून घेता येईना. छातीवर रॉड असलेला माणूस ओरडू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले. फक्त त्याच्या बुटांच्या टाचा जमिनीवर घासल्याचा आवाज आला. तो आवाज आमच्या एका सभासदाने ऐकला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हे काका शेजारच्या सायकलवर होते. त्यांनी उतरून रॉडचे एक टोक उचलले, तोवर मी धावत पोहोचलो. मुलाचे कातडे सोलवटण्यापलीकडे काही झाले नाही. तो पाणी पिऊन घरी गेल्यावर काकांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘तालमीत वस्ताद गल्ला मोजत बसलेला कधी बघितला आहेस का?’

मी स्वतः तालमीत वाढलो आहे. कुस्तीच्या हौद्यात जोड उतरली की वस्ताद काठावर असणारच, हे तिथे कोणी लिहून लावत नाही. आम्ही मात्र लिहून लावले. शटर उघडे आहे तोवर एक प्रशिक्षित माणूस फ्लोअरवरच राहील, पैसे दुसरा माणूस घेईल, म्हणजे प्रत्येक पाळीत किमान दोघे असतील. एकट्याने बेंच मारायचाच असेल तर तो रॅकमध्ये, पिना छातीच्या उंचीला लावून मारावा, आणि पिना नसतील तर कॉलर लावू नयेत. अंगठा रॉडभोवती वळवलाच पाहिजे, यावरून तर मी आजही रोज भांडतो. नव्याने व्यायामशाळा काढणाऱ्यांना, त्यांनी विचारले नसले तरी, सांगतो की आरसे कमी लावा, पण केबल मशीनच्या तारेच्या दोरीवरून दर रविवारी सुती फडके फिरवा. तुटलेली तार फडक्यात अडकली की ती दोरी त्याच दिवशी बदलायची, महिनाअखेरपर्यंत थांबायचे नाही.

२०१७ मध्ये आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरी व्यायामशाळा उघडली. तिचे नाव घेत नाही. घेण्याची गरजही नाही, कारण ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. आमची फी महिना ९०० रुपये होती, त्यांची ४००. एसी, रंगीत दिवे, दाराला बोटाच्या ठशाचे कुलूप, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत प्रवेश, आणि एवढ्या मोठ्या हॉलवर एकच पोरगा, जो झाडूही मारत असे आणि प्रोटीनचे डबेही विकत असे. शॉप अ‍ॅक्टच्या २०१७ च्या नव्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे त्या वेळी पुरत असे, तेव्हा कागद त्यांचेही चोख होते. बेंचमागे कोण उभे आहे, हे त्या कागदावर कोणी विचारत नसे. ज्या दोन ट्रेनरांच्या कोर्सची फी मी माझ्या खिशातून भरली होती, ते दोघेही तिकडे गेले. पगार किती वाढवून मिळाला, हे मला नंतर समजले. रक्कम लिहिली तर त्यांनाच लाज वाटेल. आमचे १७५ सभासद वर्षभरात साठावर आले. त्या व्यायामशाळेच्या मालकांनी चारचौघांत माझ्याविषयी ‘हा व्यायाम शिकवत नाही, घाबरवतो’ असे म्हटले, तेही माझ्या कानावर आले.

त्यांचा रोख आमच्या पत्रकावर होता. प्रवेशाच्या वेळी आम्ही सात प्रश्न विचारतो : हृदयाचा आजार, छातीत दुखणे, चक्कर येणे, रक्तदाबाच्या गोळ्या, सांध्यांचा त्रास वगैरे. सातही प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिण्याची आपल्या लोकांना सवय आहे, म्हणून आमचा ट्रेनर तेच प्रश्न पुन्हा तोंडी विचारतो. एकाने सगळीकडे ‘नाही’ लिहिले होते आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्यानंतर मात्र लोक आपणहून तेच पत्रक मागू लागले. माणूस कोसळला आणि त्याचा श्वास थांबला तर एकाने छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि किमान पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्याने १०८ ला फोन करून खाली दारात उभे राहायचे. एकटा पोरगा यांतले नेमके काय करणार, हा माझा तेव्हाही प्रश्न होता.

त्या पडत्या काळात काकांनी दोन वर्षांची फी एकदम भरली. पावती फाडताना माझा हात थांबला, तेव्हा ‘ही उधारी नव्हे, फी आहे’ असे म्हणून त्यांनी पावती खिशात घातली. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, राज्यातल्या व्यायामशाळा पुन्हा उघडल्या. त्या सात महिन्यांत घरमालकांनी भाडे निम्मे केले नसते, तर हा मजकूर लिहिण्याची वेळच आली नसती.

२०२२ मध्ये शेजारची व्यायामशाळा बंद झाली आणि सामान विक्रीला निघाले. मला आनंद झाला नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्यांच्या दोन ट्रेडमिल मी घेतल्या. ट्रेडमिलची लाल चावी दोरीने कपड्याला अडकवायची असते, म्हणजे माणूस घसरला की चावी निघते आणि पट्टा थांबतो. या दोन्ही यंत्रांवर चावीच्या जागी चुंबकाचा तुकडा चिकटपट्टीने कायमचा बसवलेला होता, म्हणजे माणूस घसरला तरी पट्टा थांबला नसता. पट्टी इतकी जुनी झाली होती की नखाने निघेना. रॉकेलच्या बोळ्याने ती काढली, नव्या चाव्या मागवल्या आणि यंत्रांच्या मागे दोन मीटर जागा मोकळी ठेवण्यासाठी एक बेंच कायमचा बाहेर काढला.

पहिल्या दिवशी काकांनी नवी चावी स्वतःच्या बंडीला अडकवली, पाच मिनिटे चालले, आणि मग मुद्दाम मागे सरकून पट्टा खरोखर थांबतो का, ते पाहिले.