ड्रममधला केशर: मोहोर आला, मागोमाग भुरीही

पालवी नाही, मोहोरच! मागच्या नोंदीत गच्चीवरच्या केशर आंब्याच्या शेंड्यांचे डोळे फुगले होते आणि पान निघणार की फूल, हे कळत नव्हतं. यंदा थंडी लांबली, पहाटेचा पारा बारा-तेराच्या वर जायला तयार नव्हता, त्यात नोव्हेंबरपासूनचा पाण्याचा ताणही कामी आला. अर्ध्या निळ्या ड्रममधल्या पाच फुटी झाडावर तांबूस तुरे उभे आहेत. शेजारची आम्रपाली, म्हणजे दुसरं आंब्याचं झाड, अजून शांत आहे. नीलमच्या वंशातली, ती उशिराचीच. वेताळ टेकडीवर काटेसावर फुलली की गच्चीवरचा आंबा रोज तपासायला घ्यावा, हा ठोकताळा यंदाही खरा ठरला.

आता भुरी. खालच्या चार तुऱ्यांच्या दांड्यांवर पिठासारखा पांढरा थर आलाय, कळ्या उमलण्याआधीच तपकिरी पडून झडतायत. दिवसा कोरडं ऊन, रात्री गार आणि दमट हवा, म्हणजे पुण्याचा माघ. भुरीला हेच मानवतं. या बुरशीला रुजायला ओलं पान लागत नाही, त्यामुळे ‘पाणी कमी करा, जाईल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही.

भुरीवर औषध ठरलेलं आहे: पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. अडचण अशी की तुडतुडेही आलेत. फांदी हलवली की टिक टिक उडतात, मोहोराचा रस शोषतात, आणि त्यांच्या चिकट गोड स्रावावर पुढे काजळी धरते. त्यांच्यासाठी हात निंबोळी तेलाकडे जातो, पण गंधक आणि तेल यांच्यात किमान पंधरा दिवसांचं अंतर हवं, नाहीतर कोवळा मोहोर करपतो. तुडतुड्यांवरचं जैविक औषध व्हर्टिसिलियम वापरावं तर ती स्वतःच बुरशी; गंधक तिलाही सोडत नाही. इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक फुलोऱ्यात नकोच. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, त्याच मेल्या तर फळ धरणार कसं?

शेवटी निकाल तापमानानं लावला. दुपार ३२ अंशांच्या पुढे गेली की गंधकानं चटका बसतो, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर पुण्यात तेवढं ऊन असतंच. म्हणून गंधक आधी, आत्ताच, कळ्या मिटलेल्या असताना आणि ऊन उतरल्यावर. एवढ्या झाडाला एक लिटर द्रावण पुरतं. तुडतुड्यांसाठी तोपर्यंत सकाळी खोडावर आणि पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, मोहोर वगळून. जोडीला पिवळे चिकट सापळे, आणि मधल्या दाट फांद्या विरळ करायच्या. सावली आणि गर्दी हेच त्यांचं घर. तेलाची पाळी फळ वाटाण्याएवढं झाल्यावर, १०,००० पीपीएमचं (बाटलीवर लिहिलेलं कडुनिंबातल्या अझाडिरॅक्टिनचं प्रमाण) लिटरला २ मिली. ३०० पीपीएमची स्वस्त बाटली घेऊन पैसे वाचत नाहीत. गंधकही भुकटीऐवजी दाणेदार घ्या: धूळ उडत नाही, नोझल तुंबत नाही. मार्केट यार्डाच्या बाजूला किलोचं पाकीट सहज मिळतं. दोन-तीन गच्च्यांनी मिळून घेतलं तर परवडतं. भुरीवर काही जण फवारतात तो खाण्याचा सोडा मात्र ड्रममधल्या झाडाला नको, सोडियम मातीत साचत जातं.

एक छोटं यश: वरच्या एका तुऱ्यात दहापट भिंगातून पाहिलं, तर काही फुलांच्या मधोमध हिरवट पिवळा गोल बीजकोश, बाजूला वाकलेली कुक्षी आणि एकच गुलाबी परागकोश. ही द्विलिंगी फुलं, फळ यांनाच धरतं. थंडीत निघालेल्या पहिल्या तुऱ्यांत नर फुलंच जास्त असतात. ऊब वाढेल तशी द्विलिंगी फुलं वाढतात.

आणि हे लिहिताना बेत बदलतोय. खालचे चार तुरे भुरीनं पोखरलेत, शिवाय ते सगळ्यात आधीचे, म्हणजे नर फुलांचेच. त्यांना वाचवायची धडपड कशाला? बुडापासून छाटून पिशवीत बांधून टाकले, तर रोगाचा साठाही जाईल आणि बाजूच्या डोळ्यांतून दुसरा मोहोर येण्याची संधी राहील. अट एकच, रात्री अजून गार हव्यात. उकाडा सुरू झाला की त्याच डोळ्यांतून पालवी निघते. या आठवड्यात पहाटे १५ च्या खाली पारा आहे, तेव्हा छाटणी उद्याच. फवारणी छाटणीनंतर, म्हणजे औषध वाया जाणार नाही.

माश्यांसाठी कुंडीतली बडीशेप आणि कोथिंबीर उपटू नका, फुलू द्या. पाणी एकदम भरपूर देऊ नये, ताण हळूहळू तोडावा. फळ वाटाण्याएवढं झाल्यावरच नेहमीची पाळी. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट खत) फवारायचं लिटरला १० ग्रॅम, वाटाणा आणि गोटी या दोन्ही अवस्थांत, पण निंबोळी तेलात मिसळून नाही, वेगळ्या दिवशी. आम्रपालीवर भुरी दिसायची वाट न पाहता डोळे फुटताच गंधकाचा पहिला हात द्यायचा; तिचा मोहोर तोवर उन्हात सापडला तर मात्र गंधक बाद, आणि मग पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ५ ग्रॅम, आधी एकाच तुऱ्यावर.