तुम्ही विचारलंत म्हणून: तोफांचं गाव

"अमेरिकेत जाऊन खेड्यात राहतेस?" पुण्याहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. न्यू जर्सीतल्या मंडळींचा सूर वेगळा: "तिथं आहे तरी काय?" आजवर "छान आहे, शांत आहे" असं गुळमुळीत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

'व्हिलेज' हा न्यूयॉर्क राज्यातला सरकारी दर्जा आहे. आमच्या कोल्ड स्प्रिंगला तो १८४६ मध्ये मिळाला. वस्ती दोन हजारांच्या आसपास, महापौर आहे, पण नांगर औषधालाही सापडायचा नाही. न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून निघालेली गाडी हडसनच्या काठाकाठाने सव्वा तासात इथं आणून सोडते. हडसन म्हणायला नदी, वागायला खाडी. समुद्राची भरती आमच्याही पुढे पार ट्रॉय शहरापर्यंत चढते, त्यामुळे पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं.

सुट्टीला शहरातून माणसं येतात, मेन स्ट्रीटवरची जुनी घरं, नदीपलीकडचा स्टॉर्म किंग डोंगर बघतात आणि "किती निवांत!" म्हणतात. मला हसू येतं. मी खडकीत वाढले. ॲम्युनिशन फॅक्टरीच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ लावलं जायचं. आणि नशिबानं आणून टाकलं ते पुन्हा तसल्याच गावात!

ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धात तोफांची टंचाई भासली, तेव्हा सरकारला स्वदेशी ओतशाळा हव्या झाल्या. गूव्हर्नूर केम्बल (हे पद नव्हे, नावच आहे) यांनी सोबत्यांसह १८१७-१८ च्या सुमारास इथं वेस्ट पॉइंट फाउंड्री उभारली. जागा हेरूनच घेतली होती. चाकं फिरवायला उताराचा ओढा, डोंगरात लोखंड, कोळशासाठी जंगल, माल न्यायला नदी आणि पैलतीरी लष्करी अकादमी. यादवी युद्धातल्या नावाजलेल्या पॅरट तोफा इथल्याच. रॉबर्ट पॅरट यांची युक्ती साधी होती. ओतीव लोखंडाची नळी बुडाशी फुटायची, म्हणून त्यांनी तिथं घडीव लोखंडाचा जाड पट्टा तापवून चढवला. थंड झाला की तो आवळून बसे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ना, अगदी तसाच. तोफांची चाचणी म्हणून गोळे थेट नदीपलीकडच्या डोंगरावर डागत. जून १८६२ मध्ये खुद्द लिंकन हे काम बघून गेले.

कामगारांत आयरिश पुष्कळ. त्यांच्यासाठी १८३३ मध्ये नदीकाठी ग्रीक खांबांचं कॅथलिक चॅपल बांधलं गेलं. ते आजही आहे. पुढे पोलादाचे दिवस आले आणि ओतीव लोखंडाला कुणी विचारेना. १९११ मध्ये फाउंड्री बंद पडली. आता त्या जागी राखीव जंगल आहे, झाडीत विटांच्या भिंती दिसतात.

ज्या डोंगरावर गोळे डागले, त्याच डोंगरासाठी पुढे खोऱ्यातली माणसं कोर्टात गेली. १९६२ मध्ये स्टॉर्म किंग पोखरून वीज प्रकल्प उभारायचा घाट घातला गेला होता. तो बेत अखेर १९८० मध्ये सोडून दिला गेला. निसर्गासाठी सामान्य माणसांना दाद मागता येते, हे याच खटल्यातल्या १९६५ च्या निकालानं पक्कं केलं.

पण मला सगळ्यात आवडते ती किड्यांची गोष्ट. १९५२ मध्ये गावात लष्करासाठी बॅटऱ्यांचा कारखाना निघाला. तो १९७९ मध्ये बंद झाला, पण तोवर त्याचं कॅडमियम (एक विषारी धातू) फाउंड्री कोव्ह या दलदलीत मुरलं होतं. तिथल्या चिखलात गांडुळाच्या कुळातला एक बारीक किडा असतो. त्यातले ज्यांना ते विष सोसायचं ते तगले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या तशाच जन्मू लागल्या. १९९० च्या दशकात सरकारनं विषारी गाळ उपसून नेला. त्यानंतर थोड्याच पिढ्यांत किड्यांची ती ताकद ओसरली. गरजच उरली नव्हती.

तर या कधीतरी. स्टेशनपासून फाउंड्री कोव्ह चालत जाण्याएवढंच आहे. फक्त शनिवारी गाडी घेऊन येऊ नका. पार्किंगवरून गावात आधीच पुरेशी भांडणं चालू आहेत.