गच्चीवरचे मुडदे : सातवा शनिवार

सात शनिवार झाले, सात सिनेमे झाले. कमी पैशात केलेले झोंबीपट, म्हणजे मेलेली माणसं उठून चालू लागतात ते सिनेमे, काळाच्या क्रमानं बघायचे, त्यातली एखादी युक्ती रविवारी घरी करून बघायची, आणि काय जमलं, काय फसलं ते लिहून ठेवायचं, असं ठरवलं होतं. मार्चअखेरीमुळे लिहायचं राहिलं, पण बघायचा एकही शनिवार चुकवला नाही. त्यामुळे आज सगळं एकदम.

सुरुवात ‘व्हाइट झोंबी’पासून (१९३२). अकरा दिवसांत उरकलेलं चित्रीकरण, दुसऱ्या स्टुडिओतले भाड्याचे सेट आणि बेला लुगोसी या नटाचे डोळे. बरेचसे संवाद आज कंटाळवाणे वाटतात. पण साखर कारखान्याचा प्रसंग आला आणि मी सावरून बसले. हैती या कॅरिबियन देशातला कारखाना, मेलेली माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेनं येतात, टोपली रिकामी करतात, परत जातात. बाकीचे चरक ओढतात. लाकडाच्या करकरीशिवाय दुसरा आवाज नाही. एक जण तोल जाऊन खाली पडतो, कुणी वळूनही बघत नाही, चरक फिरतच राहतो. माझं आजोळ उसाच्या पट्ट्यातलं, गुऱ्हाळावर रात्री जागवलेल्या. तिथं चरकात हात जाईल म्हणून आजी आम्हाला दोन हात लांब उभं करायची. तो प्रसंग बघताना तेच आठवलं. हैतीतल्या मूळ कल्पनेत झोंबी कुणाला खात नाही, तो राबतो. मेल्यावरही मालक त्याला सोडत नाही. ही भीती गुलामगिरी भोगलेल्या माणसांची आहे, आणि एवढ्या स्वस्तातल्या सिनेमात ती इतकी स्पष्ट दिसते याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुसरा शनिवार ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा (१९६८). हा मी आधी चारदा तरी पाहिला असेन. या वेळी फक्त गर्दीकडे बघायचं ठरवलं.

थोडी पार्श्वभूमी, नव्यानं आलेल्यांसाठी. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि कंपन्यांसाठी लघुपट करायचे. दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर काढले आणि काम सुरू केलं. शेवटी खर्च सुमारे १,१४,००० डॉलरपर्यंत गेला, सिनेमाच्या हिशेबात तरी ही चिल्लरच. मुडद्यांपासून वाचायला माणसं ज्यात लपतात ते घर निवडलं पाडायला काढलेलं, म्हणजे त्याची मोडतोड केली तरी कुणी विचारणार नाही. नायिका बार्बराची गाडी एका निर्मात्याच्या आईची होती. चित्रीकरणाच्या मधल्या काळात ती कुणीतरी ठोकली, तेव्हा गाडी झाडाला घासण्याचा प्रसंग लिहून पोचा कथेत बसवून टाकला. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. कार्ल हार्डमन आणि मॅरिलिन ईस्टमन तळघरातलं भांडखोर जोडपं झाले, पडद्यामागे निर्मितीतही होते, शिवाय मेकअपही त्यांच्याकडेच. तळघरातली आजारी मुलगी हार्डमनची खरी मुलगी. बातमी देणारा वार्ताहर बिल कार्डिल हा पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा खरा, ओळखीचा चेहरा. आणि मुडदे कोण? मित्र, जाहिरातींचे गिऱ्हाईक, आसपासच्या गावातली माणसं.

माझ्या मते या सिनेमाची सगळी ताकद इथंच आहे. अंधारातून घराकडे येणारी ती गर्दी नीट बघा. कुणी रात्रीच्या झग्यात, कुणी बनियनवर, कुणी सूट घालून. शिकलेला नट असा चालत नाही. ही माणसं थोडी बुजलेली आहेत, हात कुठं ठेवावेत ते कळत नाहीये, एकमेकांकडे बघायचं नाही एवढंच त्यांना सांगितलेलं असावं. तेच अंगावर येतं. मोठ्या पैशाच्या सिनेमात झोंबी म्हणजे राक्षस असतो. इथं तो समोरच्या घरातला माणूस आहे, काल दूध घ्यायला भेटलेला. पैसे नव्हते म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं, आणि शेजारीच आले म्हणून भीती खरी झाली.

डुआन जोन्सबद्दलही एक. १९६८च्या अमेरिकेत एक कृष्णवर्णीय नट नायक, तोच सगळ्यात शहाणा, तोच बाकीच्यांना सुनावतो. शेवट मी सांगणार नाही. तो बघितल्यावर मी या वेळीही दिवे लावून बसले. वितरकांनी नाव बदलताना कॉपीराइटची सूचना टाकायची राहिली, त्यामुळे या सिनेमावर लगेच कुणाचाच हक्क उरला नाही. करणाऱ्यांचं त्यात फार मोठं नुकसान झालं, मला त्याचं वाईट वाटतं. पण म्हणूनच तो कुठंही, कुणालाही, फुकट बघता येतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी हाच बघा.

रविवारचं काम : रक्त. मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून पांढऱ्या बशीत तीन थेंब शेजारी शेजारी ठेवले. टोमॅटो सॉस, कुंकवाचं पाणी आणि चॉकलेट सिरप. सॉस फिका राखाडी दिसतो, कुंकवाचं पाणी तर बशीत विरून गेलं. चॉकलेट मात्र काळंभोर, जड, कडेला चकाकणारं. कपाळावरून सोडलं तर ते भुवईपाशी क्षणभर अडतं आणि मग वाट काढून खाली येतं. ते अडणं बघण्यासारखं आहे.

रंगीत चित्रीकरणासाठी पाक करावा लागतो. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारीच्या जरा अलीकडे गॅस बंद. लिंबाचे चार थेंब टाका, नाहीतर रात्रीत साखर धरते. पूर्ण गार झाल्यावर खायचा लाल रंग, चिमूटभर कोको, आणि हिरव्या रंगाचा एकच थेंब. हा हिरवा थेंब विसरू नका, त्याशिवाय ते रूहअफजा दिसतं. पहिल्यांदा मी एकतारी होऊ दिला, तो शर्टावर थिजून बसला. दुसऱ्या खेपेस बरोबर जमला. कपड्यावर लावायच्या वाटीत भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घातले की डाग धुताना सोपं जातं, मात्र ती वाटी तोंडाजवळ न्यायची नाही. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा. माझी बाटली ओट्यावर राहिली आणि सकाळी मुंग्यांची रांग देवघरापर्यंत गेलेली होती.

मग ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२). हिंदीत भयपट करणाऱ्या रामसे कुटुंबाचा. सगळं युनिट महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात नेलं, चाळीस दिवसांत सिनेमा संपवला, खर्च साडेतीन लाख. भाऊच दिग्दर्शक, भाऊच कॅमेऱ्यामागे, घरातल्या बायका सगळ्यांचा स्वयंपाक बघायच्या. पिट्सबर्गच्या मंडळींना भेटले असते तर यांचं लगेच जमलं असतं. धुकं लागलं तर महाबळेश्वर ते फुकट देतं. प्रेताचा मेकअप जवळून बघितला तर जाड थरांचा आहे, पण पुरलेला माणूस उठतो तो क्षण मी श्वास रोखून बघितला.

‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) आणि ‘झोंबी २’ (१९७९) यांवर आधीच भरपूर बोललं गेलंय, त्यामुळे थोडक्यात. पहिला पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिलच्या खऱ्या मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्री चित्रित केलेला. मेकअप करणाऱ्या टॉम सॅव्हिनीनं मुडद्यांना राखाडी रंग दिला, तो कितीतरी ठिकाणी निळा दिसतो, आणि रक्त वितळलेल्या मेणखडूसारखं. मला दोन्ही आवडतं, व्यंगचित्रांच्या पुस्तकाची पानं उलटल्यासारखं वाटतं. पण लक्ष द्या ते कपड्यांकडे. परिचारिका, खेळाच्या गणवेशातला गडी, हरे कृष्ण पंथाचा साधू. मेल्यावरही प्रत्येकाचा धंदा अंगावर आहे. दुसऱ्यात पाण्याखाली झोंबी आणि खरा शार्क यांची झटापट आहे. आपल्याकडे झोंबी हा शब्द कुस्तीतल्या झटापटीसाठी आधीपासून आहेच, आणि त्या प्रसंगात दोन्ही अर्थ एकत्र आले. तीनदा मागे नेऊन बघितला.

‘कॉलिन’ (२००८) बघून मला लगेच कॅमेरा उचलावासा वाटला. मार्क प्राइस या वेल्श तरुणानं सांगितलेला खर्च पंचेचाळीस पाउंड : एक पहार, कॅमेऱ्याच्या एक-दोन टेपा आणि चहा-कॉफी. मेकअपवाले आपापलं सामान घेऊन आले. गोष्ट झोंबीच्या बाजूनं सांगितलेली, म्हणजे आपण दीड तास एका मेलेल्या मुलासोबत चालतो. चित्र इतकं भुरकट आहे की काही मारामाऱ्यांत कोण कुणाला चावतंय ते कळत नाही, आणि तो दोषच आहे. पण कॉलिन जुन्या वाटेनं कुठंतरी निघालाय, त्याला कारण आठवत नाहीये, पाय मात्र जातायत. ते बघताना डोळ्यांत पाणी आलं.

म्हणून त्या रविवारी रक्ताला हातच लावला नाही, फक्त चालणं. संध्याकाळी सहाला गच्चीवर भाचा आणि त्याचे तीन मित्र. पहिल्या दहा मिनिटांत चौघांनीही हात पुढं केले आणि घशातून आवाज काढले. दिसलं ते स्नेहसंमेलनातलं भूत. मग मी सांगितलं, हात सोडा, आवाज बंद, एक टाच उचलायचीच नाही आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवरून नजर काढायची नाही. टाच न उचलल्यानं खांदा आपोआप एका बाजूला पडतो. चौथ्या खेपेस दोघांना जमलं.

जिलेटिनची जखमही तेव्हाच करून बघितली. एक चमचा जिलेटिन, एक चमचा ग्लिसरीन, एक चमचा पाणी, गरम पाण्यात वाटी ठेवून विरघळवायचं, मनगटावर थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करायची, मगच गालावर. चमच्याच्या पाठीनं कडा पातळ केल्या की त्वचेत मिसळतात. थंडीत उत्तम टिकेल. एप्रिलच्या घामानं ती वीस मिनिटांत हनुवटीवर उतरली.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका वाळवण उचलायला वर आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, डावा गुडघा दुखतो. भाच्यानं विचारलं, “काका, चालून दाखवता?” काकांनी कुरडयांचं ताट कठड्यावर ठेवलं, लेंगा नीट केला आणि टाकीपासून जिन्यापर्यंत नुसते चालत आले. मेकअप नाही, काही नाही. मोबाइलच्या कृष्णधवल पडद्यावर ते एवढं खरं दिसलं की पोरांची कुजबुज बंद झाली.

काल सातवा, ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७). तीस लाख येनमध्ये केलेला जपानी सिनेमा, पहिली सदतीस मिनिटं एकाच शॉटमध्ये. विसाव्या मिनिटाला ‘हे काय चाललंय’ असं वाटेल. वाटू द्या, पण उठू नका. पुढचं काही सांगितलं तर तुमचा आनंद मी खाल्ल्यासारखं होईल. एवढंच सांगते की कमी पैशात, धडपडत सिनेमा करणाऱ्या माणसांवर इतकं प्रेम करणारा दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही. काकाही आले होते बघायला. पूर्ण दीड तास शांत बसले, चपला घालताना म्हणाले, “अगं, तिकिटांचा चिमटा अजून आहे माझ्याकडे. आणि कातडी पिशवी पण. ते घेऊन चालू का पुढच्या रविवारी?”

म्हणजे आठव्या रविवारचं ठरलं. संध्याकाळचा उजेड, रिकामी गच्ची, खाकी शर्ट, खांद्याला पिशवी. काका टाच न उचलता येतील आणि दर दोन पावलांनी चिमटा वाजवतील. टक, टक. समोर प्रवासी कुणीच नाही. आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागेल, कारण गच्चीवर वारा फार असतो. कुणाकडे कॉलरला लावायचा माइक असेल तर एका दिवसासाठी हवा आहे.